निकोला टेस्ला आणि फिरणारे चुंबकीय क्षेत्र

निकोला टेस्ला यांच्याविषयी अलीकडे मराठीत पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. परंतु त्यातला बराचसा भाग फुकट वीज, मृत्युकिरण, एडिसन यांनी केलेला अन्याय आणि हॉटेलच्या खोलीतले एकाकी म्हातारपण यांतच अडकलेला असतो. इलेक्ट्रिशियनच्या विद्यार्थ्यांना मोटार वाइंडिंग शिकवण्यात माझे उमेदीचे दिवस गेले. विहिरीवरची, पिठाच्या गिरणीतली किंवा लेथवरची मोटार ज्या तत्त्वावर फिरते ते तत्त्व प्रत्यक्ष कामाला जुंपण्याचे श्रेय टेस्ला यांचे आहे, ही गोष्ट मला त्यांना दरवर्षी नव्याने सांगावी लागे. ज्या कामावर या माणसाची खरी थोरवी उभी आहे, ते काम त्याच्या भोवतीच्या दंतकथांनी झाकले जावे याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे लेखन मुख्यतः त्या एका मोटारीविषयी आहे.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात एका सर्ब कुटुंबात झाला. तो भाग तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. वडील ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. आईला लिहिता-वाचता येत नव्हते, पण घरकामाची अवजारे ती स्वतः घडवीत असे आणि सर्बियन वीरकाव्ये तिला मुखोद्गत होती. आपल्या कल्पकतेचे मूळ टेस्ला आयुष्यभर आईकडे दाखवीत राहिले. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांना पटकी झाली, जगण्याची आशा उरली नाही, आणि त्या अवस्थेत वडिलांनी त्यांना तंत्रशिक्षणासाठी पाठवण्याचे वचन दिले. १८७५ साली ते ऑस्ट्रियातील ग्रात्सच्या तंत्रविद्यालयात दाखल झाले.

ग्रात्समध्ये प्राध्यापक याकोब प्योश्ल यांच्या वर्गात पॅरिसहून आणलेले ग्राम यंत्र होते. हे यंत्र फिरवले तर वीज निर्माण करी आणि त्याला वीज दिली तर मोटार म्हणून फिरे. प्रात्यक्षिकाच्या वेळी त्याच्या ब्रशांपाशी भरपूर ठिणग्या उडत होत्या. ज्यांनी जुन्या डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहावरच्या, मोटारीची देखभाल केली आहे त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल. अशा मोटारीत आर्मेचरला, म्हणजे गुंडाळ्या असलेल्या फिरत्या भागाला, वीज पोचवावी लागते, आणि आर्मेचर अर्धा फेरा पुरा करताच त्यातील प्रवाहाची दिशा उलटवावी लागते, नाहीतर मोटार एका जागी अडकून बसेल. दिशा उलटवण्याचे हे काम तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे ब्रश करतात. ठिणग्या तिथेच उडतात, पट्ट्या तिथेच काळवंडतात, कार्बनची भुकटी तिथेच साचते आणि ब्रश झिजले की मोटार बंद पडते. हा सगळा भाग काढून टाकता आला पाहिजे, असे टेस्ला यांनी वर्गात सुचवले. प्योश्ल यांनी त्या सूचनेवर जवळजवळ एक व्याख्यानच दिले आणि असे यंत्र म्हणजे अखंड गतियंत्राइतकीच अशक्य कल्पना आहे, असा निर्वाळा दिला.

प्राध्यापकांचे म्हणणे त्या काळच्या ज्ञानाला धरूनच होते. जनित्राच्या गुंडाळ्यांमध्ये मुळात निर्माण होतो तो दिशा बदलणारा, म्हणजे एसी प्रवाहच. कम्युटेटर त्याला सरळ करून बाहेर सोडतो, आणि मोटारीतला कम्युटेटर तो प्रवाह पुन्हा उलटसुलट करतो. एकाने सरळ करायचे आणि दुसऱ्याने पुन्हा वाकडे करायचे, हा द्राविडी प्राणायाम टाळावा हे टेस्ला यांना उमगले होते. तो कसा टाळावा हे मात्र उमगले नव्हते. तिसऱ्या वर्षी त्यांचे अभ्यासावरून लक्ष उडाले, ते जुगाराच्या नादी लागले आणि पदवी न घेताच त्यांनी ग्रात्स सोडले. तो प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

उत्तर त्यांना १८८२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टमध्ये सापडले. तिथे ते टेलिफोनच्या कामावर होते आणि नुकतेच एका विचित्र मज्जाविकारातून उठले होते. आन्ताल सिगेटी या मित्राबरोबर संध्याकाळी शहरातील बागेत फिरताना, सूर्यास्ताविषयीच्या जर्मन काव्यपंक्ती म्हणत असताना, त्यांना एकाएकी सगळी रचना डोळ्यांसमोर दिसली आणि काठीने त्यांनी वाळूत आकृती काढून मित्राला समजावून दिली. हा प्रसंग आपल्याला कळतो तो टेस्ला यांनी पुढे साठी उलटल्यावर लिहिलेल्या आठवणींतून, आणि इतक्या वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत प्रसंग थोडा उजळून निघतोच. त्यामुळे त्या संध्याकाळी संपूर्ण एसी मोटार सिद्ध झाली असे मी मानत नाही. एक दिशा मात्र त्यांना नक्की सापडली असावी, कारण पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्गमध्ये एडिसन कंपनीच्या कामावर असताना त्यांनी फावल्या वेळात या कल्पनेवरची पहिली छोटी मोटार बनवून फिरवून पाहिली.

ती कल्पना अशी आहे. दोन गुंडाळ्या एकमेकींशी काटकोनात बसवा आणि त्यांना असे दोन एसी प्रवाह द्या की एकाची भरती होत असताना दुसऱ्याची ओहोटी व्हावी. पहिल्या गुंडाळीचे चुंबकत्व क्षीण होत जाते तसे दुसरीचे वाढत जाते, आणि दोहोंच्या मिलाफाने होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा रोख क्षणोक्षणी सरकत वर्तुळात फिरतो. लोखंड जागच्या जागी स्थिर, तारा स्थिर, आणि तरीही आतल्या पोकळीत एखादा लोहचुंबक हाताने गरगर फिरवावा तसे क्षेत्र फिरत राहते. आता त्या पोकळीत आपल्यातच मिटलेल्या तांब्याच्या गुंडाळ्या असलेला फिरता भाग, म्हणजे रोटर, ठेवला, की फिरत्या क्षेत्रामुळे त्या तांब्यात आपोआप प्रवाह निर्माण होतो आणि रोटर क्षेत्राच्या मागे ओढला जातो. बाहेरून रोटरला एकही तार जोडावी लागत नाही, म्हणून कम्युटेटर नाही, ब्रश नाही, ठिणगी नाही. हीच इंडक्शन मोटार.

यातली एक बारीक गोष्ट मला नेहमीच फार सुंदर वाटत आली आहे. रोटर क्षेत्राला कधीच गाठू शकत नाही, कारण दोघांचा वेग सारखा झाला तर तांब्याच्या दृष्टीने क्षेत्र थांबलेलेच असेल, मग त्यात प्रवाह निर्माण होणार नाही आणि ओढही उरणार नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, विजेवर चार ध्रुवांच्या मोटारीतले क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, पण मोटारीच्या पाटीवर १४४० किंवा त्याच्या आसपासचा आकडा कोरलेला असतो. हा मधला फरक म्हणजे स्लिप. भार वाढला की रोटर थोडा आणखी मागे पडतो, त्यामुळे त्यातला प्रवाह वाढतो आणि वाढलेला भार तो पेलतो. कोणी सांगावे लागत नाही.

१८८४ च्या जूनमध्ये टेस्ला न्यूयॉर्कला उतरले. एडिसन यांच्या कारखान्यात ते जेमतेम सहा महिने होते. या अल्प सहवासावर पुढच्या काळात वैराचा जो डोलारा उभा केला गेला तो मला अतिरंजित वाटतो. दोघांच्या कामाची रीत मुळातच वेगळी होती आणि एडिसन यांचा सारा पैसा डीसी व्यवस्थेत गुंतलेला होता, एवढे कारण पुरेसे आहे. नंतर टेस्ला यांनी आर्क दिव्यांची कंपनी काढली, पण गुंतवणूकदारांनी तिच्यावर ताबा मिळवून त्यांना बाहेर काढले, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात त्यांच्यावर दिवसाला दोन डॉलर मजुरीवर चर खणण्याची वेळ आली. १८८७ च्या एप्रिलमध्ये आल्फ्रेड ब्राउन आणि चार्ल्स पेक या दोघांनी त्यांना लिबर्टी स्ट्रीटवर प्रयोगशाळा थाटून दिली. टेस्ला यांच्या चरित्रात या दोघांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. एक तारयंत्राच्या धंद्यातला जाणकार आणि दुसरा वकील. पेटंटे कशी घ्यावीत, कोणाला दाखवावीत आणि कधी विकावीत हे त्यांना समजत होते, आणि टेस्ला यांच्या पुढच्या आयुष्यात अशी माणसे पुन्हा त्यांच्या पाठीशी राहिली नाहीत.

मोटारीची वेळही नेमकी होती. एडिसन यांचे डीसी वीजकेंद्र ११० व्होल्टांवर चाले आणि त्याची वीज एक-दीड किलोमीटरच्या पलीकडे परवडत नसे. एसीचा विद्युतदाब ट्रान्सफॉर्मरने हवा तसा चढवता-उतरवता येतो, त्यामुळे ती दूर नेता येते; बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील अभियंत्यांनी १८८५ मध्ये आणि अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी १८८६ मध्ये हे करून दाखवले होते. परंतु एसीवर दिवे लागत, कारखान्याचे चाक फिरत नसे, कारण तिच्यावर चालणारी व्यवहार्य मोटारच नव्हती. ही उणीव भरून काढणारी सात पेटंटे टेस्ला यांना १ मे १८८८ रोजी एकाच दिवशी मिळाली, आणि १६ मे रोजी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनियर्सपुढे त्यांनी ती मोटार मांडली. सभेत उठून आपणही एसी मोटारीवर काम केले आहे असे सांगणारे एलिहू थॉमसन हे काही लहान अभियंते नव्हते; पण त्यांच्या मोटारीत कम्युटेटर शिल्लक होता, आणि टेस्ला यांनी अत्यंत अदबीने नेमके तेवढेच निदर्शनास आणले.

याच वसंतात आणखी दोघे त्याच ठिकाणी येऊन पोचले होते. तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्येच दोन गुंडाळ्यांच्या मध्ये तांब्याचा पोकळ दंडगोल फिरवून दाखवला होता आणि १८८८ च्या मार्चमध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला होता. अशा मोटारीची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जाणार नाही असे मात्र त्यांच्या गणिताने निघाले, आणि शक्तीचे यंत्र म्हणून ते तिच्यामागे लागले नाहीत. दुसरे होते अमेरिकेत एसी केंद्रे उभारणाऱ्या वेस्टिंगहाउस कंपनीतले ऑलिव्हर शॅलनबर्गर. एका आर्क दिव्यातून निखळून पडलेली स्प्रिंग आपोआप फिरू लागलेली पाहून ते थबकले, आणि काही आठवड्यांत त्यांनी त्यातून एसीचा वीजमीटर तयार केला. जुन्या घरांतल्या मीटरमध्ये काचेमागे फिरणारी चकती असे, ती याच तत्त्वावर. तेव्हा फिरते चुंबकीय क्षेत्र एकट्या टेस्ला यांनाच सुचले असे म्हणणे खरे नाही. माझ्या मते त्यांचे वेगळेपण असे की, जनित्र, तारा आणि मोटार अशी सगळी साखळी अनेक-फेज विजेची, म्हणजे एकापाठोपाठ चढउतार करणाऱ्या अनेक प्रवाहांची, कल्पून, तिच्यातून मोठी शक्ती दूरवर नेता येईल हे त्यांनी ठामपणे मांडले.

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८८८ च्या जुलैमध्ये टेस्ला यांच्या पेटंटांचे हक्क रोख रक्कम, समभाग आणि दर अश्वशक्तीमागे अडीच डॉलर स्वामित्वधन या अटींवर घेतले. पुढची कथा लोकप्रिय लेखांत एका वाक्यात उरकली जाते, पण शिकण्यासारखे खरे तिथेच आहे. टेस्ला पिट्सबर्गला गेले आणि मोटार कारखान्यात काही केल्या रुळेना. वेस्टिंगहाउस यांची सारी केंद्रे १३३ हर्ट्‌झच्या सिंगल फेज विजेवर चालत, तर टेस्ला यांच्या मोटारीला अनेक फेज लागत आणि ६० हर्ट्‌झच्या आसपासची वारंवारता मानवे. ग्राहकांकडे गेलेल्या दोन तारांवर ती चालवायची तर तिला तडजोडी कराव्या लागत, आणि तडजोडींनी तिचा जोर जाई. महिने गेले, पैसा गेला, १८९० च्या आर्थिक संकटात कंपनीच बुडण्याच्या बेतात आली आणि मोटारीचे काम बाजूला पडले.

मोटारीचे आजचे रूप ठरले ते युरोपात. एईजी या जर्मन कंपनीतले मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी फेरारिस यांचा निबंध वाचला, ५० टक्क्यांच्या निष्कर्षातली चूक त्यांच्या ध्यानात आली, आणि १८८९ मध्ये त्यांनी तीन फेजची, पिंजऱ्याच्या रोटरची मोटार बनवली. लोखंडी गाभ्याच्या खाचांतून तांब्याचे दांडे आणि दोन्ही टोकांना त्यांना जोडणारी कडी, बस एवढाच तो रोटर. १८९१ मध्ये लाउफेनच्या धबधब्यावरची वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आणून त्यांनी व ओएर्लिकोन कंपनीच्या चार्ल्स ब्राउन यांनी १०० अश्वशक्तीची मोटार फिरवली आणि तिने पाणी उपसून कृत्रिम धबधबा चालवला. अमेरिकेत बेंजामिन लॅम यांनी गुंडाळ्या मोजक्या ठिकाणी न गुंडाळता सगळ्या खाचांतून पसरवून वेस्टिंगहाउसची मोटार सुधारली. वाइंडिंगचे काम करणारा माणूस आज प्रत्येक स्लॉटमध्ये कॉइल बसवतो ती ही रीत. या माणसांची नावे घेतल्याने टेस्ला यांचे श्रेय कमी होत नाही. उलट त्यांचे बीज किती जणांनी किती कष्टाने वाढवले हे कळते.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात वेस्टिंगहाउस यांनी एसीची रोषणाई केली, आणि टेस्ला यांनी फिरत्या क्षेत्रात तांब्याचे अंडे टोकावर उभे राहून फिरते हे दाखवले. त्यानंतर नायगाराचे कंत्राट आले. तिथे प्रत्येकी ५००० अश्वशक्तीची दोन फेजची जनित्रे बसली आणि १६ नोव्हेंबर १८९६ रोजी बफेलो शहराला त्यांची वीज पोचली. स्वामित्वधनाचा करार टेस्ला यांनी वेस्टिंगहाउस या मित्राखातर फाडून टाकला ही कथा त्यांच्या मृत्यूनंतरच्या चरित्रातून पसरली. कागदोपत्री दिसते ते असे की १८९७ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने २,१६,००० डॉलरची एकरकमी किंमत देऊन पेटंटे विकत घेतली.

महाराष्ट्रात ही व्यवस्था १९१५ मध्ये आली. लोणावळ्याच्या धरणांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात उतरले आणि तिथली तीन फेजची वीज सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळाली. शेतकऱ्याच्या विहिरीवर ती यायला आणखी काही दशके गेली, पण आज खेड्यातल्या माणसाला या तत्त्वाचा अनुभव पुस्तकाबाहेरचा आहे. मोटार उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची हे त्याला ठाऊक असते. तारा बदलल्या म्हणजे क्षेत्र फिरण्याची दिशाच बदलते. डीपीवरचा एक फ्यूज गेला की बंद मोटार सुरू होत नाही, नुसती घुमत राहते, कारण उरलेल्या दोन तारांनी क्षेत्र फिरत नाही, एकाच रेषेत मागेपुढे डोलते. आणि चालू मोटारीचा फेज गेला तर ती भार ओढत राहते, राहिलेल्या तारांतून जास्त प्रवाह घेते आणि तासाभरात जळते. सिंगल फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवण्याची युक्ती गावोगाव आहे. एका प्रवाहाला मागेपुढे करून त्याचे दोन करण्याचा हा विचार टेस्ला यांनी पिट्सबर्गच्या त्या कठीण काळात केला होता आणि त्याची पेटंटेही घेतली होती.

इथे एका मराठी-भारतीय गैरसमजाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. टेस्ला यांना एसीची कल्पना वेदान्तातून किंवा स्वामी विवेकानंदांकडून मिळाली, असे संदेश वारंवार फिरतात. मोटारीची पेटंटे १८८८ ची आहेत आणि विवेकानंद अमेरिकेत पोचले १८९३ मध्ये. दोघांची भेट झाली ही गोष्ट खरी आहे. १३ फेब्रुवारी १८९६ च्या पत्रात विवेकानंदांनी लिहिले आहे की प्राण, आकाश आणि कल्प यांविषयीचे विवेचन टेस्ला यांना फार भावले, आणि शक्ती व जडद्रव्य ही दोन्ही एकाच सुप्त ऊर्जेत विलीन होतात हे गणिताने दाखवता येईल असे त्यांना वाटत होते. तसे गणित टेस्ला यांनी कधी मांडले नाही. दोन मोठ्या माणसांच्या या भेटीचे मोल तिच्यात नसलेले काही घुसडल्याने वाढत नाही.

१८९१ नंतरच्या टेस्ला यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. उच्च वारंवारतेची टेस्ला कॉइल आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कला दाखवलेली बिनतारी नियंत्रणाची नौका ही अव्वल दर्जाची कामे होत. लाँग आयलंडवरील वॉर्डनक्लिफ मनोऱ्याविषयी मला तसे म्हणता येत नाही. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी त्यासाठी दीड लाख डॉलर दिले आणि नंतर हात आखडला. त्यांनी जगाची फुकट वीज अडवली असे सांगितले जाते, पण पृथ्वीलाच तार समजून दूरच्या यंत्रांना कारखाने चालतील इतकी शक्ती पोचवण्याचा तो मार्ग भौतिकशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा नव्हता. १९१७ मध्ये तो मनोरा पाडला गेला, आणि ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील हॉटेलात टेस्ला यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी मार्कोनी यांच्या रेडिओच्या एका पेटंटाविरुद्ध लागलेल्या निकालाचा सतत उल्लेख होतो, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल १९०० चा आहे. त्यात न्यायाधीश टाउनसेंड यांनी मोटारीची पेटंटे वैध ठरवताना फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यांच्या १८२० च्या दशकातील प्रयोगाची आठवण काढली. फिरत्या तांब्याच्या चकतीवर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागोमाग फिरते, हे आरागो यांनी दाखवले होते, आणि त्या खेळण्याचे शक्तियंत्र कसे करावे हे प्रथम टेस्ला यांनी दाखवले, असे न्यायाधीशांनी नोंदवले. पुढे १९१७ च्या मे महिन्यात टेस्ला यांना एडिसन पदक देण्यात आले, तेव्हा भाषण केले बी. ए. बेहरेंड यांनी. प्रयोगशाळेत मोजमाप घेऊन कागदावर एक वर्तुळ काढायचे आणि त्यावरून इंडक्शन मोटारीची सारी वागणूक वाचायची, ही पद्धत रूढ करणाऱ्यांपैकी ते एक. टेस्ला यांचे काम उद्योगातून काढून घेतले तर कारखान्यांची चाके थांबतील, गाड्या उभ्या राहतील आणि शहरे अंधारात बुडतील, असे ते त्या सभेत म्हणाले. त्यांचे वर्तुळ आमच्या अभ्यासक्रमात सर्कल डायग्राम या नावाने होते, आणि ते काढायला शिकवण्याआधी मी विद्यार्थ्यांना या भाषणाविषयी सांगत असे.